उन्हाचं पाणी

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी घरातलं एकही माणूस वेळेवर उठलं नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

राब भाजायचा तो उन्हं यायच्या आत. आहुप्याच्या अलीकडच्या या वाडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं तिथे शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या पानाफांद्यांची तोडलेली कवळं, त्यावर वाळलेलं गवत आणि सगळ्यावर मातीचं पांघरूण, असा राब संपतने महिनाभर खपून रचला होता. जमीन भाजून निघाली की तण मरतं, रोप जोमानं येतं. पण पेटवलेल्या राबाला वारा सापडला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून पहाटेची वेळ. आणि पहाटेला अख्खं घर मिरवणुकीतल्या गुलालासकट घोरत पडलं होतं.

साडेदहाला चहाची दुसरी फेरी चालली होती. समाजमंदिरापुढचा मांडव सोडवणारी माणसं बांबू टाकत होती, त्याचा आवाज ओटीपर्यंत येत होता.

"आता संध्याकाळी बगू म्हनं," सरूबाई चुलीपुढून म्हणाली. संपतची ही बायको. घरात चौदा माणसं उतरली होती आणि तिच्या डोळ्यांपुढे राबापेक्षा भाकरी जास्त होत्या.

"संध्याकाळी तू न् आण्णा भाजा मग दोघंच," राजरत्न म्हणाला. हा तिचा मुलगा, चाकणला कंपनीत कामाला. "मला दोनची गाडी हाय. उद्या सकाळची शिफ्ट. सुपरवायझरला काय सांगू, राब भाजत व्हतो म्हनून?"

"सांग की. त्याचा बाप बी भातच खात असंल."

हसणं झालं. आण्णा, म्हणजे संपत, बोलण्यात काटकसरी माणूस. त्याने कप खाली ठेवला आणि धाकट्या भावाकडे बघितलं. त्याच्या मागोमाग सगळ्यांनीच बघितलं.

या घरात राब कधी पेटवायचा ते तुळशीदास सांगायचा. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, आता ओतूरला राहणारा, कॉलेजातल्या एनसीसीच्या पोरांना नेमबाजी शिकवणारा तुळशीदास. चोवीस वर्षांच्या नोकरीतली बारा वर्षं तो पलटणीच्या रायफल संघात होता. सहाशे यार्डांवरच्या निशाणाला, सदऱ्याची बाही हलवणारी झुळूकसुद्धा गोळी हातभर बाजूला नेते. त्यामुळे वाऱ्यातलं त्याला कळतं, ते सात पिढ्या शेती करणाऱ्यांनाही कळत नाही, अशी घराची श्रद्धा होती. धर्मांतर करून देवधर्म सोडला त्याला अठ्ठेचाळीस वर्षं होत आली तरी घराला एखादी श्रद्धा लागतेच.

तुळशीदास उठला. ओटीच्या कडेला जाऊन, कमरेवर हात ठेवून त्याने टेकाडावरच्या समाजमंदिराकडे तोंड केलं. तिथे सागाच्या उंच वाश्यावर कालचा नवा निळा झेंडा लावलेला होता.

"झेंडा पडलाय," तो म्हणाला. "हवा थांबलीय. अर्ध्या तासात उरकंल. चला."

राजरत्न टाळी वाजवून उठला. "बगा, काकांनी सांगितलं का नाय. चल आण्णा."

अंजनाच्या हातातल्या वाटीतला चहा तसाच राहिला. तुळशीदासची ही बायको मघापासून नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. झेंडा निळा होता, नवा होता आणि पडदा टाकावा एवढा मोठा होता, म्हणून तो त्याला दिसला. काल याच ओटीवर तिने त्याला पायरी चुकताना पाहिलं होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्यात धरला होता. जुन्नरच्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा याने कॉलेजात परेड काढली. घरी कुणाला सांगायचं नाही अशी तिला ताकीद होती. तिनेही सांगितलं नव्हतं. कारण एक तर तो ऐकला नसता, आणि दुसरं म्हणजे ज्या माणसाचं अर्धं नाव त्याच्या डोळ्यावर आहे त्याला चारचौघांत आंधळा कसं म्हणायचं, ते तिला जमत नव्हतं.

ओटीच्या दुसऱ्या टोकाला तिची लेक प्रज्ञा बसली होती. अंजनाने तिच्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नको, अशा अर्थाने.

प्रज्ञाला ते कळलं. आईएवढंच तिलाही ठाऊक होतं.

*

प्रज्ञा पुणे ग्रामीणला पोलीस शिपाई होती आणि दोन वर्षांपासून पोलिसांच्या रायफल संघात तीनशे मीटरवर नेम मारत होती. फेब्रुवारीत सराव बघायला बाप आला होता. दुर्बिणीला डोळा लावून तिच्या मागे बसला आणि म्हणाला, "डावीकडनं येतीय." वारा उजवीकडून येत होता. तिने काही न बोलता तिच्या हिशेबाने गोळी मारली, ती मध्यात बसली, आणि बापाने शाबासकी दिली. ती शाबासकी तिला महिनाभर टोचत होती.

आता सगळे खाचराकडे निघाले. पुढे राजरत्न खांद्यावर फावडं टाकून, मागे संपत ओल्या पोत्यांचं ओझं घेऊन, मग तुळशीदास. बांध उतरताना अंजना सहज म्हणून त्याच्या पुढे झाली आणि पदर सावरायच्या निमित्ताने हात मागे धरून ठेवला. त्याने तो धरला नाही, पण तिच्या पावलावर पाऊल टाकत उतरला.

राबाचा तुकडा लांबट होता, पूर्व-पश्चिम पसरलेला. पश्चिमेला उघडा कातळ, आणि त्याच्यापलीकडे कडा. कड्याखाली कोकण. पूर्वेला चाळीस पावलांवर राई सुरू होत होती. जुनी, दाट, देवाच्या नावाने राखलेली. तिच्यातली वाळलेली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. संपतचं कुटुंब आता देव मानत नव्हतं. "देवाचं ऱ्हाऊ द्या, झाडं तर मानतोय ना आमी," असं संपत एकदा बोलला होता आणि वाडीने ते लक्षात ठेवलं होतं. राईच्या कडेला पाचोळा घोट्याएवढा साठला होता. तिथे ठिणगी पडली असती तर पुढच्या चार पिढ्यांना 'राई जाळणारे' हेच आडनाव लागलं असतं.

"सकाळचा वारा पूर्वेचा," तुळशीदास सांगत होता. "म्हंजी पश्चिमेच्या टोकाला पेटवायचं. आग वाऱ्याच्या तोंडाला सरकंल, हळूहळू खात जाईल. पळनार न्हाई."

शिकवण बरोबर होती. राजरत्नने गवताची पेंढी वळून चूड केली आणि काकांच्या हातात दिली. पेटवायचा मान त्यांचा.

प्रज्ञा बांधावर बसली आणि मग, कुणाला वाटावं ऊन लागलं, तशी पालथी झोपली. हनुवटी जमिनीला टेकवून तिने मोकळ्या खाचरावरून नजर टाकली. तापलेल्या जमिनीवर ऊन पाण्यासारखं लवलवतं. फौजेत त्याला मिराज म्हणतात. ती दहा वर्षांची असताना बापाने ओतूरच्या माळावर तिला असंच पालथं घातलं होतं आणि सांगितलं होतं, "हे उन्हाचं पाणी. ह्ये ज्या अंगाला वाहतं त्या अंगाला वारा. झेंडा त्याच्या पुरतं सांगतो, ह्ये वाटेतलं समदं सांगतं."

आत्ता ते कुठल्याच अंगाला वाहत नव्हतं. जागच्या जागी उकळत होतं, उभं, वर.

नवशिक्याला वाटतं, उकळलं म्हणजे वारा मेला, मारा आता. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत तिच्या डाव्या-उजव्या दोघींनी तेच केलं होतं. ती बंदुकीच्या घोड्यावरून बोट काढून चार मिनिटं नुसती पडून राहिली होती. घड्याळ चाललं होतं, मागून प्रशिक्षक खाकरत होते. मग वारा उलट्या अंगाने आला आणि शेजारणींच्या गोळ्या कडेला गेल्या. प्रज्ञा त्या सामन्यात तिसरी आली. पहिल्या दोघीही तिच्याएवढंच थांबल्या होत्या आणि वर तिच्यापेक्षा बरं मारत होत्या. पण त्या दिवशी तिला एक पक्कं कळलं की या खेळात निम्मं काम न मारण्याचं असतं. जोराच्या वाऱ्याचा हिशेब करता येतो. वळणाऱ्या वाऱ्याचा येत नाही. आणि वारा वळतो तो उकळून मगच.

ती उठून बापाजवळ गेली. हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, उन्हाचं पाणी कसं दिसतंय?"

तुळशीदासने खाचराकडे तोंड केलं. "बरोबर हाय," तो म्हणाला.

हे उत्तरच नव्हतं. डावीकडे, उजवीकडे, उकळतंय, यातलं काहीतरी सांगायला हवं होतं. बरोबर म्हणून कुठला वारा नसतो, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं.

ती आईकडे वळली. अंजनाच्या डोळ्यांत विनवणी होती. बोलू नको, माणसं आहेत. राजरत्नने काडी ओढली. काकांच्या हातातली चूड धूर करून पेटली.

"स्टॉप," प्रज्ञा म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण रेंजवरचा तो शब्द तिच्या तोंडून रेंजवरच्या आवाजात आला. आणि तुळशीदासचा हात, डोक्याला काही कळायच्या आधी, थांबला. रेंजवर हा शब्द कुणीही उच्चारावा, पाणी वाटणाऱ्यानेसुद्धा, आणि कर्नल साहेबाने बंदूक खाली ठेवावी. का, ते नंतर विचारायचं. तीस-पस्तीस वर्षांची सवय. त्याने चूड जमिनीवर टाकली आणि बुटाने विझवली.

"काय झालं?" राजरत्न म्हणाला.

"वारा वळतोय. थांबायला पाहिजे."

"कुठं वळतोय? पान हलंना. काकांनी सांगितलं ना, आता वेळ हाय म्हनून. तू काय काकांच्या वर गेली का?"

"दादा, मी फक्त थांबा म्हटलं."

"किती थांबा? माझी गाडी कोन थांबवनार?"

सरूबाई भाकऱ्या तशाच सोडून मागोमाग आली होती, कारण घरात एकटीने राबायचं आणि मजा मात्र खाचरात चालायची हे तिला कधीच पसंत नव्हतं. "पोरगी म्हनती तर थांबा की जरा," ती म्हणाली. "न्हायतरी कालवणाला उकळी न्हाई आजून."

"आई, तू सकाळपास्नं तेच म्हनतीयास."

"मग? सकाळपास्नं बरोबर म्हनतीया."

इतका वेळ काकांच्या बाजूने असलेल्या राजरत्नला आपली आईच फुटलेली बघून राग आला, आणि तो बापाकडे वळला. "आण्णा, तू तरी बोल."

संपत राबाच्या कडेला बसून पोती भिजवत होता. त्याने मान वर केली नाही. "तुळशा सांगंल तसं," तो म्हणाला.

सगळं पुन्हा तुळशीदासवर येऊन थांबलं.

तो खाचराकडे बघत उभा होता. समोर पांढरं होतं. उन्हाचं पांढरं, मातीचं पांढरं, सगळं एकच. त्यात काही लवलवत असेल तर त्याला दिसत नव्हतं, आणि दोन वर्षं झाली दिसत नव्हतं. आपण झेंड्यावर बोललो हे त्याला आता कळलं. झेंडा वारा मेल्याने पडला होता की दोन वाऱ्यांच्या मधे पडला होता, ते झेंडा सांगत नाही. हे त्याने किती पोरांना घोकून घेतलं होतं. एनसीसीच्या पोरांना तो म्हणायचा, ज्याला दिसत नाही तो नेमबाज नाही, असं नसतं. ज्याला दिसत नाही आणि दिसतं म्हणतो, तो नसतो. पोरं वहीत लिहून घ्यायची.

"तुला कुठं दिसलं?" त्याने लेकीला विचारलं.

"मोकळ्या खाचरावर. उकळतंय, पप्पा."

तिने ते फार हळू सांगितलं. तिला त्याची लाज राखायची आहे, हे त्याला कळलं आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. कुणीतरी आपली लाज राखतंय अशी वेळ त्याच्यावर फौजेतही आली नव्हती.

"थांबा मग," तो म्हणाला, आणि जाऊन बांधावर बसला.

*

पाच मिनिटं गेली. मग दहा. माणसं वैतागली की ज्या गोष्टी करतात त्या सगळ्या झाल्या. राजरत्नने तीनदा घड्याळ बघितलं. सरूबाईने जावेला विचारलं की ओतूरला मेथी काय भावाने मिळते, आणि अंजनाने काहीतरी उत्तर दिलं. शेजारचा भगवंत, राईची राखण ज्याच्या घराण्याकडे आहे तो, धूर दिसला म्हणून बघायला आला होता. तो संपतशेजारी उकिडवा बसला.

"का थांबला राव?"

"पोरगी म्हनती, वारं वळनार."

"पोरगी?" भगवंतने प्रज्ञाकडे बघितलं. "पोलिसात हाय तीच ना? मग ऐकावं लागंल."

प्रज्ञा मनात दोन्ही हिशेब मांडत होती. मैदानावर चुकलं तर कागदावर भोक चुकीच्या जागी पडतं, एवढंच. इथे चुकलं तर दादाची गाडी चुकणार, आणि त्याहून वाईट म्हणजे बापाचा शब्द तिने उगाच मोडल्यासारखा होणार. पान हलत नव्हतं. ती पुन्हा पालथी पडली. उकळतच होतं. क्षणभर तिला वाटलं, आपण नुसतं घाबरलोय. भीती आणि अंदाज आतून सारखेच वाटतात. फरक करायला नेमबाजाच्या वहीतल्या वाऱ्याच्या जुन्या नोंदी कामाला येतात, आणि इथली वही तिच्याकडे नव्हती.

मग उन्हाचं पाणी डगमगलं. आणि पूर्वेला वाहू लागलं.

"आला," ती म्हणाली.

आधी कातळावरचं गवत लवलं. त्यानंतर कड्याखालून कोकणातली गरम हवा एकदम वर आली आणि बरोबर धूळ घेऊन आली. टेकाडावरचा निळा झेंडा फटकन ताठ झाला, राईच्या दिशेला. मांडवाच्या पताकांची एक माळ तुटून उडाली. राबावरच्या मातीतून सुटलेली ऐनाची वाळकी पानं उठली, उड्या मारत चाळीस पावलं गेली, आणि राईच्या कडेच्या पाचोळ्यात जाऊन पडली. सगळ्यांनी त्या पानांकडे बघितलं, आणि ती पेटलेली असती तर, हे प्रत्येकाने आपापल्या मनात बघितलं.

भगवंत उठला, राईपर्यंत चालत गेला, एक पान उचलून हातात चुरगाळलं आणि परत येऊन बसला.

"लई वाईट झालं असतं राव," तो म्हणाला.

राजरत्नने फावडं खाली ठेवलं. "मीच घाई केली," तो म्हणाला. "काकांना मीच पुढं घातलं."

हे बरं होतं. सगळ्यांना सोयीचं होतं. अंजनाला वाटलं, चला, निभावलं. वारा अचानक आला, पोराने घाई केली, आता भाकरी खाऊ. तिने तोंड उघडलंही होतं.

"न्हाई," तुळशीदास म्हणाला.

तो बांधावरून उठून सगळ्यांच्या मधे आला.

"आमच्यात एक रीत असती. गोळी सुटली की निशाणाकडनं खूण यायच्या आदी आपन सांगायचं, कुठं गेली ती. मध्यात का बाहेर. चुकली आसंल तर चुकली म्हनायचं, आपल्या तोंडानं. जो सांगत न्हाई त्याला संघात ठेवत न्हाईत, मग त्यो कितीबी चांगला मारू दे." त्याने खाचराकडे हात केला. "माझी बाहेर गेली. राजाची न्हाई, माझी. मला खाचरावरचं काय दिसत नव्हतं. झेंडा दिसला, तेवढ्यावर बोललो. दोन वर्सं झाली, मला दिसत न्हाई. मोतीबिंदू हाय."

सरूबाईने पदर तोंडाला लावला. संपतने हातातलं पोतं खाली ठेवलं.

"अंजनानं मला दोनदा तारीख आनून दिली," तुळशीदास म्हणाला. "तिला कुनी काय बोलू नका. मीच सांगू दिलं न्हाई."

अंजनाला रडू आलं. दोन वर्षं उरावर ठेवलेला धोंडा त्याने असा चारचौघांत उचलून बाजूला ठेवला, आणि जग काही बुडालं नाही. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की राग येऊ लागला. "परेड काढत व्हते," ती सरूबाईला म्हणाली. "तारखेच्या दिवशी परेड. आक्का, मी काय करू सांगा."

"बाप्यांचं तसलंच असतंय," सरूबाई म्हणाली. "ह्यांचा दात आठ महिने दुखत व्हता. बैलाला सांगितलं, मला न्हाई."

राजरत्न हसला आणि मग सगळेच हसले, तुळशीदाससुद्धा, थोडा उशिराने.

*

राजरत्नने दोनची गाडी सोडली. समाजमंदिराशेजारच्या एसटीडी बूथवरून त्याने चाकणला फोन लावला आणि सुपरवायझरला काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण परत आला तेव्हा त्याची कॉलर ताठ होती.

दुपारभर वाऱ्याने धुमाकूळ घातला. जेवणं झाल्यावर प्रज्ञाने सांगितलं तसं काम सुरू झालं. वारा आता पश्चिमेचा ठरला होता, तो वळणार नव्हता, संध्याकाळी फक्त दमणार होता. म्हणून आता पेटवायचं ते पूर्वेच्या टोकाला, राईच्या अंगाला.

"राईजवळ?" राजरत्न म्हणाला. "तुझं डोकं फिरलं का?"

"आग वाऱ्याच्या तोंडाला सरकायला पाहिजे ना दादा. म्हणजे राईपासून लांब जाईल. आणि राईच्या नि राबाच्या मधे आपण पट्टा सोलून काढायचा. गवताची काडी राहता कामा नये."

राजरत्नने हाताने वारा एकीकडून आणि आग दुसरीकडून अशी करून बघितली. "हां," तो म्हणाला, आणि सगळ्यांत पुढे जाऊन फावडं मारायला लागला. भगवंत घरी जाऊन स्वतःचं फावडं आणि दोन भाऊ घेऊन आला. सहा माणसांनी दहा पावलं रुंदीचा पट्टा लाल मातीपर्यंत खरवडला, पाचोळा मागे ओढला, पट्ट्यावर पाणी मारलं. तुळशीदास पाण्याच्या घागरी भरून देत होता. ते काम डोळ्यांचं नव्हतं.

सूर्य कड्याला टेकायच्या आधी झेंडा हळूहळू खाली आला, पण पूर्ण पडला नाही. टोक हलत राहिलं, एकाच अंगाला. प्रज्ञाने गवताच्या काड्या सोडून बघितल्या. एकदा, पुन्हा, पुन्हा. काड्या दर वेळी एकाच जागी पडल्या. राजरत्न आता घड्याळ बघत नव्हता.

"आता," ती म्हणाली आणि चूड बापापुढे धरली.

"तूच लाव," तुळशीदास म्हणाला. "वेळ तुजी हाय."

तिने पूर्वेच्या टोकाला चूड टेकवली. आधी नुसता धूर आला, जाड, शेणाच्या वासाचा. मग मातीच्या भेगांतून लाल दिसू लागलं. आग राईकडे पाठ करून, वाऱ्याशी भांडत, पाऊल पाऊल पश्चिमेला सरकू लागली. पट्ट्यावर पोती घेऊन उभ्या असलेल्या माणसांना काही कामच उरलं नाही. भगवंतच्या भावाने तंबाखू मळायला घेतली.

तुळशीदास दूर बांधावर जाऊन बसला होता. त्याला आग लालसर ढगासारखी दिसत होती. वाईट वाटत नव्हतं, खरं म्हणजे छाती हलकी झाली होती. लेकीने वारा आपल्यासारखा, आपल्यापेक्षाही नीट ओळखला, याचं सुख तर होतंच. पण या घरात आपलं एक काम होतं आणि ते आज गेलं, एवढं खरं होतं.

संपत येऊन शेजारी टेकला.

"भाजतोय चांगला," तुळशीदास म्हणाला.

"भाजतोय."

"आता तुला माजी गरज न्हाई आण्णा. पुढल्या साली पोरीला बोलव. तिला सुट्टी मिळाली तर."

संपतने पायाजवळचं ढेकूळ उचलून फोडलं.

"तू चोवीस वर्सं फौजेत व्हतास," तो म्हणाला. "त्यातली किती वर्सं चैत्रात घरी आलास?"

"धा-अकरा आलो असंल. तू पत्र टाकायचास. 'तुज्या नजरेबिगर राब भाजवत न्हाई, सुट्टी काढून ये.' मी साहेबाला त्ये पत्र दाखवायचो. साहेब हसायचा, पन सुट्टी द्यायचा."

"आन बाकीची तेरा वर्सं? तवा काय राब कच्चा ऱ्हायला व्हता?"

तुळशीदासने त्याच्याकडे तोंड वळवलं.

"मीच भाजायचो," संपत म्हणाला. "बा जसा भाजायचा तसा. पहाटं उठायचं न् भाजायचा. त्यात काय हाय? कदी राईकडं ठिणगी गेली न्हाई." त्याने मातीचे हात धोतराला पुसले. "पन नुसतं 'घरी ये' लिवलं असतं तर तुज्या साहेबानं सुट्टी दिली असती का? आन तू तरी आला असतास? आय गेल्यावर आपल्यातला मी एकलाच उरलो व्हतो हितं. म्हनून राबाचं लिवायचो."

आग राबाच्या मध्यापर्यंत आली होती. पलीकडे प्रज्ञा कुणाला तरी पोतं नीट धरायला सांगत होती.

"आन आज सकाळी?" तुळशीदासने विचारलं. "तुला ठावं व्हतं, भलत्या वक्ताला पेटवतोय म्हनून?"

"पोती जादा भिजवून ठिवली व्हती. पन तुला चारचौघांत मोडता घालायचं मला झालं न्हाई. पोरीला झालं." संपतने पलीकडच्या प्रज्ञाकडे मान वळवली. "ती शाणी हाय. मी लई मोठी चूक करनार व्हतो."

तुळशीदासने हाताने चाचपत भावाचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"जुन्नरच्या डॉक्टरकडं पुढल्या बुधवारी जायाचं," संपत म्हणाला. "मी येतो संगट. परेड काढलीस तर परेडीत येऊन कान धरून नेईन."

"बरं."

"आन पुढल्या चैत्रात पत्र टाकीन. ऑपरेशन करून घेतलंस तर तुजं तुला वाचता येईल."